सातवी ‘ब’चा फळा

अठरा वर्षं फळे पुसले, पण फळ्यावरचं एक अक्षर वाचलं असेल तर शपथ. वाचत बसले असते तर सोळा वर्ग कधी उरकले असते? लिहिणारे लिहितात, वाचणारे वाचतात, आपण फडकं मारायचं आणि पुढचं दार गाठायचं. मला वाचता येत नाही असं समजू नका हं! आठवी पास आहे मी, तीही चांगल्या मार्कांनी. पण हाताला सवय लागली की डोळे नुसते नावाला उघडे असतात. हे मला आता कळतंय, आणि आता कळून काय उपयोग!

शाळेत मला सगळे मावशी म्हणतात. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असून. माझ्या जोडीला होते टोलकाका. तास संपला की व्हरांड्यात टांगलेल्या लोखंडी पट्टीवर हातोडीने टोल द्यायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. माणूस उंच, काटकुळा आणि तिरसट. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पण पहिलीतलं एखादं पोर रडायला लागलं की आधी धावणार तेच. संध्याकाळी मी झाडू-फडकं घेऊन पुढे आणि ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे, अशी आमची वरात निघायची. एखादा फळा राहिला की ओरडायचे, "फळाऽऽ राहिला!" आणि दारात उभे राहून लांबलचक बोट दाखवायचे. पुढे पुढे ओरडणंही सुटलं, नुसतं बोट उरलं. बोट दिसलं की मी हात वर करायची, म्हणजे पुसते हो, पुसते. त्या बोटाला दुसरा अर्थ कधी नव्हताच.

मग साथ आली. शाळा बंद झाली तेव्हा वाटलं, चला, चार दिवस पाठ टेकेल. कसली पाठ टेकतेय! महिन्याभरात शाळेचंच दवाखान्यात रूपांतर झालं. बाकं उचलून सभागृहात एकावर एक रचली, वर्गावर्गात खाटा आल्या. फार गंभीर नसलेले रोगी तिथे ठेवायचे, बिघडलं की मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आम्हां दोघांना एक दिवसाआड पाळी. झाडून घ्यायचं, औषधाच्या पाण्याने पुसायचं, डबे दारात ठेवून मागे सरकायचं. अंगावर तो पांढरा डगला, तोंडावर पट्टी, त्यावर प्लास्टिकची काच. श्वास सोडला की काच धुरकटायची. समोरचा माणूस आहे की भिंत, तेही कळायचं नाही.

घरी वेगळाच तमाशा. नवरा माझा शिंपी. दुकान बंद, म्हणून मशीन घरात आणून मुखपट्ट्या शिवायला बसलेला. म्हणायचा, "बघ, जगाची तोंडं मी शिवतोय." मी म्हणायची, "हो, तुमचं तेवढं राहिलंय." पोरगी नववीत. एकच फोन, त्यावर तिची शाळा. मशीनची खडखड आणि फोनमधल्या बाईंचा आवाज एकमेकांशी भांडत असायचे. मी आले की मागच्या दाराशी कपडे बादलीत टाकायची, गार पाण्याने अंघोळ करायची, आणि तरी पोरीला जवळ घ्यायला हात धजायचा नाही. ती दारातून विचारायची, "आई, आता येऊ?" मी म्हणायची, "थांब गं जरा." ते जरा कधी संपायचंच नाही.

एका सकाळी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. मीच आणलं, मीच माझ्या पोरीला हे आणून दिलं! त्या दिवशी पाळी माझी होती. काकांना फोन केला, रडत रडतच. ते म्हणाले, "रडतेस काय बावळटासारखी? पोरीपाशी बस. मी जातो." तेवढंच बोलले आणि ठेवला.

पोरीचा ताप दोन दिवसांत उतरला. साधा, घसा धरल्याचा ताप. आणि आठव्या दिवशी टोलकाकांना खोकला सुरू झाला.

आणून ठेवलं कुठे, तर सातवी ‘ब’मध्ये. आपल्याच शाळेत, फळ्याच्या अगदी खालच्या खाटेवर. मी खिडकीशी गेले तर म्हणाले, "अठरा वर्षांत पहिल्यांदा वर्गात बसलोय बघ. बाईंना म्हणावं, नापास नका करू." मी हसले. काचेआड डोळे भरलेले त्यांना दिसले नसतील. मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे..." तर खेकसले, "गप! टोल चुकवू नकोस." शाळा बंद, कसला टोल! पण त्यांच्या समाधानासाठी मी दर तासाला पट्टीवर हातोडी मारत होते. काका त्यांच्या घरचा एकुलता एक फोन काकूंजवळ, म्हणजे बायकोजवळ, ठेवून आले होते, त्यामुळे दोघांचं बोलणं असं नव्हतंच. मीच इकडचा निरोप तिकडे करायची. "बरे आहेत." "जेवले." असे.

चौथ्या दिवशी धाप वाढली. बोलायची डॉक्टरांनी मनाई केली, आणि तशीही बोलायला हवा शिल्लक नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी माझी पाळी होती. मी पोचले तेव्हा पांढऱ्या डगल्यातली दोन माणसं त्यांना स्ट्रेचरवर घेऊन निघालेली. तोंडावर नळीचा मास्क. दारातून बाहेर पडताना त्यांची नजर माझ्यावर पडली, आणि हात उचलला. तेच लांबलचक बोट. वर्गाकडे, फळ्याकडे.

मी हात वर केला. मोठ्याने म्हटलं, "हो काका, पुसते! तुम्ही जा निवांत."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, हो म्हणाले.

गाडी गेल्यावर मी आत शिरले. काच धुरकटलेली. फळ्यावर अगदी खाली, जिथे बसल्या बसल्या हात पोचेल तिथे, खडूच्या वाकड्यातिकड्या ओळी होत्या. दोन की तीन, तेही सांगता येत नाही. मी फडकं बुचकळलं, पिळलं आणि वरून खालपर्यंत चार हातांत फळा साफ केला. मनात काय, तर काका परत येतील तेव्हा नाव ठेवायला जागा नको.

तिसऱ्या दिवशी काका गेले. त्यांच्याजवळ कुणाला जाऊ दिलं नाही. काकूंनाही नाही.

काकूंचं घराबाहेर न पडायचं बंधन सुटलं आणि त्या थेट शाळेच्या फाटकाशी आल्या. इतकीशी झाली होती बाई. अंतर ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिकडच्या नर्सने स्वतःच्या फोनवरून लावून दिला होता गं. त्यांना बोलवत नव्हतं. एवढंच म्हणाले, फळ्यावर लिहून ठेवलंय, मावशीला दाखवलंय. मग नुसता श्वास ऐकू आला." मग विचारलं, "काय लिहिलं होतं?"

काकू बोलतच होत्या. "त्या दिवशी मी भांडले होते ना त्यांच्याशी. पाळी तुझी, आणि हे निघाले उठून. मी म्हटलं, आज गेलात तर परत घरी येऊ नका. तोंडातून निघून गेलं बघ. कुणाचं न ऐकणारा माणूस, आणि शेवटी तेवढं मात्र ऐकलं. मला एवढंच कळायला हवंय, राग घेऊन गेले का?"

काय करणार होते मी? सांगणार होते, की बाई, तुझ्या नवऱ्याचे शेवटचे शब्द मी ओल्या फडक्याने पुसले? जीभ रेटलीच नाही. म्हटलं, "काकू, लिहिलं होतं, माझा राग नाही. स्वतःला जप."

फाटकाचा गज धरून काकू रडल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "बरं झालं तू वाचलंस."

हे चार शब्द माझ्या मानेवर बसले ते बसलेच. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "अगं, तिचं समाधान झालं ना? खोटं बोलून कुणाचं घर तर नाही जाळलंस." म्हटलं, "तुम्ही पट्ट्या शिवा."

साथ ओसरली, खाटा गेल्या, बाकं परत लागली. शाळा पुन्हा पोरांनी भरली. टोल आता मी देते. कुलपंही मीच लावते. आणि संध्याकाळी शेवटचं पोर फाटकाबाहेर पडलं, व्हरांडा शांत झाला, की त्या टोकावरून ऐकू येतं, "फळाऽऽ राहिला!" कुणी मला वेडी म्हणा. मी ऐकलंय. पाठीमागे किल्ल्या वाजतात, आणि किल्ल्या तर माझ्याच कमरेला असतात. वळून बघायची छाती होत नाही. वळले आणि ते बोट दिसलं तर? त्या दिवशी मान हलवली ती 'हो' म्हणून नव्हती, 'नाही, नाही' म्हणत होते ते. एवढं साधं मला कळू नये!

पंधरा वर्गांचे फळे मी पुसते. सातवी ‘ब’चा पोरांकडून पुसून घेते. ओला फळा वाळताना जुनी अक्षरं पुसट वर येतात, हे फळे पुसणाऱ्या कुणालाही विचारा. मीही एकदा केलं. दार लावून घेतलं, खालचा कोपरा ओला केला आणि गुडघ्यांवर बसून वाट बघितली. वाळता वाळता आली अक्षरं. गुणाकार होता कुठलातरी. हातचे तीन.

काकू महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या. ऑफिसात काकांच्या कागदांवर सह्या करायच्या असायच्या. ते झालं की सातवी ‘ब’च्या पहिल्या बाकावर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "सांग ना गं, काय लिहिलं होतं." मी सांगायची. दर खेपेला तेच. एकदा त्या फारच वाळलेल्या दिसल्या, गळ्याची हाडं वर आलेली, तर माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "लिहिलं होतं, माझा राग नाही, स्वतःला जप, वेळेवर जेवत जा." काकू उठून गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस आल्या नाहीत. परवा आल्या. शाळा सुटलेली, मी बाकं सरळ करत होते. बसल्या आणि फळ्याकडे बघत म्हणाल्या, "आधी 'जेवत जा' नव्हतं."

माझ्या हातातलं बाक तसंच राहिलं.

"माझ्या जेवणाची काळजी तुला, त्यांना नाही," काकू म्हणाल्या. "तेहतीस वर्षांत त्यांनी मला जेवलीस का म्हणून विचारलं नाही. खरं सांग. वाचलंस तू?"

मी खालीच बसले, फरशीवर. सगळं सांगितलं. बोट, हात वर केला ते, धुरकटलेली काच, फडकं. पाळी माझी होती म्हणून हे सगळं झालं, तेही सांगितलं. म्हटलं, "काकू, काय लिहिलं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. मी पुसलं."

मग काकूंनी तोंड उघडलं. "अठरा वर्षांत एकदा वाचून पुसलं असतंस तर हात झडले असते का गं तुझे?" आवाज चढला, फाटला. "माझ्या वाट्याचं तेवढंच होतं. तेवढंच! आणि वर खोटं शिवून दिलंस मला. मी ते उशाशी घेऊन निजत होते!" मी मान वर केली नाही. जे बोलल्या ते माझं होतं, मी घेतलं.

बऱ्याच वेळाने शांत झाल्या. विचारलं, "कुठे होतं?"

मी बोटाने दाखवलं. खाली, कोपऱ्याशी.

काकू उठल्या. खडूच्या खोक्यातला एक तुकडा घेतला, भिंतीला हात टेकत टेकत फळ्यासमोर खाली बसल्या, आणि तिथे, त्याच जागी, हळूहळू अक्षरं काढली. मग माझ्याकडे न बघता पिशवी उचलली आणि चालू पडल्या. फाटकाची कडी वाजली.

मी जवळ गेले. आणि आयुष्यात पहिल्यांदा आधी वाचलं. 'घरी या.'

मग खिडक्या लावल्या, दार ओढलं, कुलूप घातलं. चार पावलं गेले नसेन, तोच व्हरांड्याच्या त्या टोकावरून आवाज आला, "फळाऽऽ राहिला!"

या वेळी मी वळले. म्हटलं, "राहू दे काका. तो तुमच्यासाठी आहे. वाचा."