आधीच बोलून टाकणारी मोठीमाय

माझी मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, स्वतःच्या मुलीला चारचौघांत ढोर म्हणायची. नवं माणूस ओसरीवर टेकलं की पाणी द्यायच्या आधी सांगायची, "हे माही रंजू. बोलत नाई, समजत नाई. ढोरच आहे." पाहुणा मान खाली घालायचा. एकदा मी चिडून बोलले तर म्हणाली, "लोकं म्हणणारच हायेत. मी आधी म्हणून टाकते, मंग त्यायच्या तोंडात काय उरते?"

रंजूच्या गळ्यात तिनं गुरांची लाकडी घाटी बांधली होती. आमच्या धानोऱ्याकडे गुरं जंगलात सुटी चरतात आणि घाटीच्या आवाजावर सापडतात. रंजूही तशीच, दिसेल तिकडे चालत सुटायची. पाणी दिसलं की आत शिरायची, आणि बोडी, म्हणजे गावचं लहान तळं, तर घरामागंच. मोहफुलं वेचताना मान खाली, हात गुंतलेले. लेकीवर ठेवायला मोठीमायजवळ कान तेवढा उरायचा. गावातली पोरं रंजूमागं हंबरत फिरायची. मोठीमाय त्यांना म्हणायची, "वरडा लेकहो. घाटी तुटली तं तुमचा आवाज कामी येते."

मोठेबाबा लवकर गेले, त्यामुळे आमचं घर एकच होतं आणि ते सगळं त्या घाटीच्या टक-टकवर चालायचं. आवाज थांबला की जो जवळ असेल तो धावायचा, कोणी कोणाला सांगत नसे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्याचा मला गर्व आहे. पण बीएचं सारं वाचन मी एक कान अंगणात ठेवून केलं.

मग मला पाहायला चंद्रपूरचे पाहुणे आले. मुलगा नोकरीवाला. सकाळीच बाबा दारातून बोलले, "वहिनी, आजच्या दिवस ते घाटी काढा. अन रंजूले मागं बसवा. पोरीचं जमून राह्यलं." मोठीमाय माझ्याकडे, माझ्या नव्या साडीकडे पाहत राहिली. मग तिनं स्वतःच्या हातानं घाटी सोडली, रंजूपुढं मागच्या अंगणात चिंचांचा ढीग ओतला आणि भजी तळायला गेली. पाहुण्यांना पाणी दिलं, पण नेहमीचं वाक्य गिळलं. माझ्यासाठी.

चहा झाला. मुलाचे वडील म्हणाले, "घर मोठं शांत आहे तुमचं." बाबा खूश झाले. एरवी एवढ्या शांततेत आम्ही सगळेच बोडीकडे पळालो असतो. त्या दिवशी ती आम्हीच मागून घेतली होती, म्हणून कोणी दचकलं नाही.

पाहुण्यांची गाडी वळल्यावर मोठीमाय घाटी घेऊन मागं गेली. चिंचा तशाच होत्या. रंजू बोडीत सापडली, शिंगाड्याच्या वेलांत.

भेटायला गाव आलं. येणाऱ्या प्रत्येकीच्या ओठांवर काय आहे, ते मोठीमायला ठाऊक होतं. दारातच म्हणायची, "सुटली, असंच म्हणाले आली ना वं? सुटली. मी म्हणलं. आता बस." बायका बसायच्या आणि भिंतीकडे पाहायच्या.

चंद्रपूरचा होकार तेरवीच्या आत आला. त्यांना घर आवडलं होतं. मी नाही म्हटलं.

पुढच्या वर्षी गडचिरोलीचे पाहुणे आले. मोठीमायनं केलेला चहा मी त्यांच्यापुढं ठेवला आणि त्यांनी नाव विचारायच्या आधी सांगितलं, "या घरात एक मुलगी होती. बोलत नव्हती. तुमच्यासारखे पाहुणे यायचे होते म्हणून आम्ही तिच्या गळ्यातली घाटी काढली, आणि ती बुडून मेली."

पाहुणे कप अर्धे टाकून उठले. बाबा त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले. मोठीमाय आतून आली, उष्टे कप गोळा केले, एकात डोकावून पाहिलं आणि म्हणाली,

"आधी सांगाचं ना वं. दूध कमी टाकलं असतं."