शेगडीवरचं डालं

घरात तान्हं मूल असलं की पावसाळ्यात शेगडीवर डालं पालथं पडतं. बुरुडाकडचं विरळ विणीचं डालं, खाली निखाऱ्यांची धग आणि वर पसरलेली दुपटी. आमच्या घरात मूल नव्हतं. लग्नाला सात वर्षं होऊन गेली तरी नव्हतं. त्या आषाढात मी डालं आणलं ते माझ्या सासऱ्यांसाठी.

तेव्हा आम्ही धुळ्यात एका वाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे जळगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. बाकीचे दिवस घरात मी आणि नाना. नानांनी साक्रीकडच्या खेड्यांत जन्मभर मास्तरकी केलेली. ओट्यावर बसले की चौकातल्या बायका आवाज खाली आणत. त्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. काठी धरून ते चालू लागले, बोलणंही सुधारलं, पण रोज सकाळी अंथरूण ओलं सापडायचं. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही नको." त्या माणसानं तोवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी शब्द दिला.

शब्द द्यायला काय जातं! माझी जुनी लुगडी फाडून मी चौकोनी तुकडे शिवले आणि त्यांच्याखाली घालू लागले. पण वाळवायचे कुठे? चौकातली दोरी सगळ्या बिऱ्हाडांची. दोरीवर काय पडलंय यावरून आमच्या बायका कोणाच्या घरात काय चाललंय ते बरोबर सांगत. ऊन होतं तोवर खिडकीच्या गजांवर भागवलं. मग झड लागली. धुळ्याला पाऊस तसा बेताचाच, पण त्या वर्षी आठ-आठ दिवस सूर्य दिसेना. ओल्या तुकड्यांचा ढीग साचला आणि नानांच्या पाठीवर लाल चट्टे उठले. तेव्हा मी गेले बुरुडाकडे.

बुरुडाच्या म्हातारीनं डालं हातात देताना हसून विचारलं, "काय वं माय, आंडोर व्हयना का आंडेर?" मुलगा झाला की मुलगी! शेजारणीला हवंय, असं काहीतरी पुटपुटून मी तिथून निघाले.

शेगडीवर कापड वाळवणं वाटतं तितकं सोपं नाही. धग जास्त झाली की कापड पिवळं पडून करपतं, कमी झाली की नुसतंच कोमट होऊन कुबट वास धरतं. निखाऱ्यांवर राख पसरायची, हात लावून बघायचं, उलटायचं, परत बघायचं. पहिल्या दिवशी मी कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्या तर सगळ्याला धूर लागला, म्हणून मग कोळसा आणला. तरी कितीही धुतलं तरी कापड तापलं की लघवीचा वास उठायचाच. तो मारायला मी निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. कपड्यांना धुरी द्यायची तर तीच मला ठाऊक होती. बाळंतिणीच्या खोलीचा हा वास कुठलीही बाई भिंतीपलीकडून ओळखेल, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. इतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

शेजारच्या अक्का त्या वासामागोमाग सरळ स्वयंपाकघरात आल्या. नाना आतल्या खोलीत पडले होते. अक्कांनी डालं बघितलं, त्यावरचे मऊ चौकोनी तुकडे बघितले, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला बघवेना. "कितवा गं? तिसरा ना? अन् इतक्या आधी तयारी करतात होय? दृष्ट लागते बाई!" मी नाही म्हटलं असतं, तर हे कापड कोणाचं हे सांगावं लागलं असतं. मी मान खाली घातली. ती नानांसाठी घातली, हे देवाशपथ खरं.

दुसऱ्या दिवशी नळावर माझी घागर आधी लागली. कोणी लिंबाचं लोणचं पाठवलं. समोरच्या बिऱ्हाडात बारसं होतं. एरवी अशा वेळी मला पुऱ्या तळायला मागे बसवत, पाळण्याजवळ बोलावत नसत. या वेळी पाळण्याखालून बाळ माझ्या हातात आलं. जड होतं, झोपेत होतं. मी ते पुढे द्यायला उशीर केला तरी बायका नुसत्या हसल्या. घरी येऊन मी शेगडी पेटवली, नानांचे तुकडे वाळत घातले, आणि त्यांच्या घड्या घालताना मी त्या बाळाच्या दुपट्यासारख्या छोट्या घातल्या. खोटं नानांसाठी सुरू झालं होतं, पण आता ते मला हवंहवंसं वाटू लागलं होतं.

मग एका दुपारी अक्का आणि आणखी तिघी चोरओटी भरायला आल्या. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरतात ती. त्यांनी पाट मांडला. मी बसले, पदर पसरला. थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. ओंजळभर तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि नाना काठी टेकत उंबऱ्यापाशी उभे राहिले. शहरात आल्यापासून ते छापील मराठी बोलत, पण त्या दिवशी गावचंच बोलले.

"ते कापड बठ्ठं मन्हं शे. आंथरून मी वलं करस. पोरले काही इचारू नका."

कापड सगळं त्यांचं, अंथरूण ते ओलं करत, मला कोणी काही विचारू नये. अक्कांनी माझ्या पदरातला नारळ हळूच उचलून ताटात ठेवला. एकीनं खण घेतला. तांदूळ तसेच टाकून चौघी निघून गेल्या.

नाना म्हणाले, "आता तुला खोटं बोलायला नको." त्यांना वाटलं, मी त्यांच्यापायी अडकले होते आणि त्यांनी मला सोडवलं. जन्मभर जपलेली अब्रू त्यांनी चार बायकांसमोर टाकून दिली, माझ्यासाठी. आणि मला त्यांचा राग आला. इतका, की मी तांदूळ तिथेच झटकले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. नाना अजून चार दिवस गप्प बसले असते तर त्यांचं काय गेलं असतं, एवढंच डोक्यात घोळत होतं. चार दिवसांनी काय झालं असतं ते कळत नव्हतं असं नाही.

पुढे उघडीप झाली. मी तुकडे चौकातल्या दोरीवर टाकू लागले, कोणी बघितलंही नाही. नानांनी मात्र ओट्यावर बसणं सोडलं. ते दिवाळीच्या आधी गेले. मला मूल झालं नाही.

जाण्याआधी काही दिवस, मी त्यांच्या पाठीला तेल लावत असताना, त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का, पोरी?" नुसतं नाही म्हटलं असतं तरी त्या म्हाताऱ्याला पुरलं असतं. मी काहीच बोलले नाही.