प्रमिलाची लाथ

पोशेऱ्याच्या प्रमिलाची लाथ मी पोटावर खाल्लेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा मला पुरता अधिकार आहे. जव्हारला बळवंत सरांच्या कराटे वर्गात आम्ही बरोबरच लागलो. मी किराणा दुकानदार, ढेरी कमी करायला आलेलो. ती जीपला लोंबकळत यायची, कारण तिला गावात मुलींचा वर्ग काढायचा होता. शाळा व्हरांडा द्यायला तयार होती, पण आधी ब्लॅक बेल्ट आण म्हणाली.

किहोन म्हणजे ठोसे, लाथा, अडवणं, सगळ्याचा पाया. तो घोटताना मी मेटाकुटीला यायचो, प्रमिलाला घामही फुटत नसे. काता म्हणजे एकट्यानं करायची हालचालींची मालिका. ती तिला तोंडपाठ होती. घोडं अडायचं कुमितेत, समोरासमोरच्या लढतीत. लाथ लागली रे लागली, की ही वाकून समोरच्याला हात लावायची आणि तोच हात कपाळाला न्यायची. पाय लागला की नमस्कार, हे आपल्या सगळ्यांच्याच अंगात मुरलेलं. पण लढतीत मान खाली घातली की टोला ठरलेला. मीही तिला दिलेत, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

"लढत संपल्यावर पड पाया," सर वैतागायचे.

"पाय लागला ना सर. पाया पडत नाही तवर माझं मन लागायचं नाही," ती म्हणायची.

यापायी गेल्या वर्षी ती परीक्षेत नापास झाली. यंदा बाहेरून परीक्षक आले आणि तिच्यासमोर लढायला सर स्वतःच उभे राहिले. दुकानदाराला लाथ मारून जी वाकते, ती गुरूला कशी मारणार?

प्रमिला नुसती मागे सरकत होती. सरांनी तिला दोन फटके दिले. ते पुन्हा पुढे आले आणि तिची लाथ थेट त्यांच्या छातीत बसली. सर मटकन खाली बसले. प्रमिलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मुठी वर होत्या, मान ताठ होती. परीक्षकांनी हात वर करेपर्यंत ती जागची हलली नाही. मग मात्र तिनं धावत जाऊन सरांचे पाय धरले.

"लागलं का सर?"

"लागलं," सर छाती चोळत म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आता पोशेऱ्याच्या पोरींनाही अशीच मारायला शिकव."