हलका डबा

वॅटकाकांना हे नाव गिऱ्हाइकांनीच दिलं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कोणी ग्राफिक्स कार्ड मागितलं की काका आधी विचारत, "पॉवर सप्लाय किती वॅटचा?" मग पॉवर सप्लायचा लोखंडी डबा तळहातावर घेऊन, डोळे मिटून त्याचं वजन बघत. आत तांबं भरपूर असेल तर डबा जड लागतो. छापलेल्या आकड्यापेक्षा काकांचा विश्वास हातावर जास्त. समोरचा प्रिंटरवाला चिडवायचा, "काका, पाव किलो कांदेही द्या."

काका हसत. पण दुपारी चारच्या सुमारास त्यांना जळक्या वायरीचा वास येई. उठून ते एकेक प्लग चाचपून बघत. जळत काहीच नसे. "नाकाच्या डॉक्टरला दाखवा," असं बायको सांगून थकली होती. वास अकरा वर्षं जुना आहे, हे त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी एक तरुणी कॉम्प्युटरचं कॅबिनेट कडेवर घेतल्यासारखं घेऊन आली. मागच्या बाजूला काकांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. काकांनी ओळखलं. गाण्याच्या मास्तरांची मुलगी.

"इमारतींची ड्रॉइंग करते मी. मोठंच कार्ड द्या. पॉवर सप्लाय आहे तोच चालेल ना? दोन्ही घेणं जमायचं नाही."

"कार्ड एकटंच तीनशे वॅट खाईल. हा डबा म्हातारा झालाय."

"बाबा म्हणाले, याच काकांकडे जा, माणूस सरळ आहे."

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. बाहेर पडताना तीनदा परत येतात. घरातलं एकेक बटण बघतात. माझ्या कॉलेजच्या समारंभाला त्यामुळेच पोचले नाहीत. त्यांच्या मनात बसलंय, त्या दिवशी बटण चालू राहिलं म्हणून कॉम्प्युटर जळला आणि आईची गाणी गेली. त्यात उतरवून घेतल्यावर टेप टाकून दिल्या होत्या ना."

काका खाली बसले. बटणाचं कारण त्यांनीच पुढे केलं होतं. खरं म्हणजे चांगला डबा दुसऱ्या दिवशी येणार होता. मास्तरांना घाई नव्हती, घाई काकांना होती. हातातला डबा हलका लागला होता, तरी बसवला. महिन्याभरात तो जळला आणि सोबत डिस्कही घेऊन गेला. "बटण चालू राहिलं होतं का?" असं काकांनी विचारलं, तेव्हा मास्तर विचार करून म्हणाले होते, "राहिलं असेल बुवा." काकांनी मान डोलावली आणि नवा, जड डबा फुकट बसवून दिला.

"बाळ, बटणाचा काही संबंध नव्हता," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं.

मुलीने त्यांच्या तळहाताकडे बघितलं. नंतर तिने फोन लावला आणि काउंटरवर ठेवला. "मला नको. त्यांना सांगा."

काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.  पलीकडून खट् असा आवाज आला, पुन्हा खट्. मास्तर कुठलं तरी बटण दाबून बघत असावेत.

"कळलं होतं तुम्हाला?"

"हातात घेतल्याबरोबर."

"मी तुम्हाला सरळ माणूस समजत होतो हो."

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मुलीला कार्ड लहान द्या," मास्तर शेवटी म्हणाले. "डबा मात्र जड द्या. आणि तो तिच्या हातात द्या. तिलाच बघू दे."

काकांनी फळीवरचे तीन डबे काढले. मुलीने एकेक तळहातावर घेतला, डोळे मात्र उघडे ठेवून. सर्वांत जड निवडला. काकांनी तो आणि लहान कार्ड बसवून दिलं.

ती गेली तेव्हा चार वाजत आले होते. वास आला. काका उठले, पहिल्या प्लगपाशी गेले, हात लावून बघितला, आणि मग दुसऱ्यापाशी.