दोन रांगांचं गाणं

सकाळी तव्यावर खाकरा दाबत होते, यांचा डबा अर्धाच भरला होता, तेवढ्यात दार वाजलं. आमच्या देवपूरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी चारुलता. काखेत लॅपटॉप, डोळे सुजलेले.

"हिनाकाकू, आई नाही म्हणाली."

चारुलता शाळेत संगीत शिकवते आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या रचना लिहिते. रविवारी संध्याकाळी जळगावला तिचा पहिला कार्यक्रम. पुण्याहून दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो वाजवणारे येणार, आणि मधोमध तिची आई बेबाबाई हळदीचं गाणं म्हणणार. आईला न विचारताच बाईसाहेबांनी पत्रिकेत छापून टाकलं होतं. बेबाबाईंनी फोनवरच झापलं, "मांडव नाही, नवरी नाही, अन् हळदीचं गाणं? येडी झाली का व तू?"

सावद्याच्या केळीवाल्या घरातली ही पोर. अमळनेरच्या गुरुजींकडे सहा वर्षं एसटीने जाऊन गाणं शिकली. "गुरुजींनी एका सुरावर थांबायला शिकवलं," ती सांगते. मग पुण्यात पाश्चात्त्य स्वरलेखन शिकली. चौघे चार सुरांवर उभे राहिले तरी भांडण होत नाही, हे तिला तिथे कळलं. पण तिच्या रचनेत मला भावतं ते वेगळंच. एक वाद्य थांबायच्या आत दुसरं तोच सूर उचलतं, डोक्यावरचा हंडा कुणी अलगद उतरवून घ्यावा तसं.

"हे कुठून आणलंस गं?" मी विचारलं.

"हळदीला बायका समोरासमोर दोन रांगांत बसून गातात ना, तिथून."

"मग आईचं गाणं कशाला हवं? रांगाच घे की."

तिने तिथेच लॅपटॉप उघडला, मीही वाकून बघू लागले. खाकरा करपला.

शाळेत रजा टाकून ती माझ्याच टेबलाशी बसली. हळदीच्या गाण्याचे शब्द वगळले, चालही वगळली, ठेवल्या फक्त रांगा. दोन वाद्यं एका रांगेत, दोन समोर. दुपारी लॅपटॉपवर ते वाजवून तिने आईला फोनवर ऐकवलं. ते संपताच चारुलताने माझं मनगट घट्ट धरलं.

"दुसरी रांग मागे पडू राह्यली," बेबाबाई म्हणाल्या. "पहिलीचा दम सरायच्या आधीच धर ना! इतके वर्षं शिकली, अन् एवढंबी नाही समजलं?"

चारुलताने ओढणीने नाक पुसलं.

"आई, रविवारी सकाळी दहा वाजता तालमीला ये. गाऊ नको. दुसरी रांग कुठे मागे पडते, तेवढं सांग."