ताईने पाजलेलं दूध

अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणारी ती बाई पहिल्या बाळंतपणानंतर पार हवालदिल झाली होती. अंगावर घेतलं की बाळ दोन घोट पिऊन तोंड फिरवायचं. मदतीला आलेली थोरली बहीण म्हणायची, "तुला दूध कमीच आहे गं. तू झोप, मी बघते त्याच्याकडे." आपल्यातच काहीतरी खोट आहे असं समजून ती उशीत तोंड खुपसून रडायची.

एकदा नर्स घरी आली. बाळाचं वजन करून ती हसली. "बाळसं छान धरलंय! वरचं दूध कोणतं देता?"

"वरचं? काहीच नाही," शिवणवाली म्हणाली. ताई खिडकीबाहेर बघू लागली.

नर्स गेल्यावर शिवणवालीने ताईची पिशवी उघडली. आत पावडरचा डबा आणि बाटली होती.

"माझ्या हातून प्यायचा ना, बरं वाटायचं गं मला," ताई पुटपुटली.

"मी रडत होते, तेव्हा तरी सांगायचंस! केसाने गळा कापलास माझा."

ताई त्याच दिवशी परत गेली. नर्सच्या सल्ल्याने पुन्हा पुन्हा अंगावर घेतल्यावर बाळ हळूहळू पोटभर पिऊ लागलं. ताईचा फोन आला की मात्र शिवणवाली तो न उचलता मशीनचं पायडल जोरात मारायची.