बिननावी कागदांची नोंद

चाळिशी उलटल्यावर मला नेतृत्व शिकायची हौस आली. पोलीस ठाणं सांभाळायला लागून चार वर्षं झाली होती, म्हणजे नेतृत्व रोजच चाललं होतं, फक्त त्याचा कागद नव्हता. म्हणून रविवारी भरणाऱ्या लीडरशिपच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. बाकी सगळे कंपन्यांतले, गोड बोलणारे. हाताखालच्या माणसाशी मतभेद झाला तर काय कराल, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, ‘ठाण्यातून काढून पोलीस लाईनीत पाठवेन.’ सरांनी ते काही फळ्यावर लिहिलं नाही.

एक विषय माझा दोनदा सुटला होता. एकदा आमच्या शहरातल्या लालबागेच्या मेळ्याचा बंदोबस्त आडवा आला, एकदा मंत्र्यांची सभा. तिसऱ्यांदा पेपर हुकला तर सगळं वर्ष पुन्हा करायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला ती पदवी हवी होती. फ्रेम करून खुर्चीमागे लावायची जागासुद्धा मी बघून ठेवली होती.

त्या विषयात एक उपद्व्याप होता. हाताखालच्या माणसांकडून आपल्याबद्दल लेखी मत घ्यायचं, आणि तेही बिननावी. हे काम मी मुंशीजींवर सोपवलं. ठाण्याची सगळी लिखापढी सांभाळणारे हे प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे आणि माझ्यासारखेच हिंदी मुलखात वाढलेले मराठी. माझे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, त्यांचे कचेरीत. आम्ही हुकूम सोडायचे आणि त्यांनी नोंद करायची, हे बहुधा तेव्हापासूनच चालू असावं. माझा एक हुकूम तर ठाण्यात सगळ्यांना पाठ होता: काहीही होवो, मी किंवा मुंशीजी, दोघांपैकी एकजण ठाण्यात हवाच.

मुंशीजींनी शेवेच्या रिकाम्या अरुंद डब्याच्या झाकणाला फट पाडली आणि डबा आपल्याच टेबलावर ठेवला. संध्याकाळी तो माझ्यापुढे आणला, आणि सोबत रोजनामचा. ठाण्यात जे जे घडतं ते वेळेनिशी ज्यात चढतं, ते रजिस्टर.

‘मॅडमजी, बारा जणांचे कागद आले. बाकायदा एन्ट्री केली आहे.’

‘कसली एन्ट्री?’

‘कोणी किती वाजता टाकला, त्याची. कल को कोई बोला की मी टाकलाच नाही, तर?’

मी कपाळावर हात मारला. ‘अहो मुंशीजी, बिननावी म्हणजे कोणाचा कुठला ते कळता कामा नये!’

‘मग कागदावर कुठे आहे नाव?’ ते शांतपणे म्हणाले. ‘नाव तो रोजनामचे में है.’

ते गेले. डबा अरुंद, कागद एकावर एक नीट बसलेले. सर्वात खालचा तो पहिल्याचा, सर्वात वरचा तो बाराव्याचा. चोराला ह्याहून कमी पुराव्यावर धरलेलं आहे मी. रजिस्टर मिटून ठेवावं, असं वर्गात शिकलेल्या बाईला वाटलं. ठाण्यातल्या बाईने तोवर ते उघडलं होतं.

अकरा कागद एकाच साच्याचे होते: मॅडमचा व्यवहार उत्तम, कोणतीही तक्रार नाही. सगळ्यांनी मिळून एकच बयान दिलेलं. उरलेला एक, म्हणजे तळाचा, वेगळा निघाला. डाव्या हाताने काढावं तसं वाकडं अक्षर आणि एकच ओळ: ‘अर्ज़ी पढ़ने से पहले ही मना कर देती हैं।’

मला राग आला. बोट रजिस्टरवर पहिल्या नोंदीपाशी गेलं. सकाळी दहा पाच. स्वतः मुंशीजी. अक्षर लपवण्याइतका सावध माणूस, पण सवयीपुढे त्याचाही इलाज चालला नव्हता.

आणि मग आठवलं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एका रविवारचा अर्ज पुढे केला होता. त्या दिवशी माझा वेगळ्या एका विषयाचा पेपर. मी अर्ज हातात न घेताच म्हटलं होतं, ‘या रविवारी नाही जमायचं.’ नंतर एका शिपायाकडून कळलं, त्यांच्या मुलीला बघायला महूहून पाहुणे आले होते. मुलीचा बाप तेवढा इथे टेबलाशी होता. त्या पेपरात मी ‘सहानुभूती’वर दोन पानं लिहून आले होते. मला माझीच लाज वाटली.

मुंशीजींना मी काही बोलले नाही. बोलले असते तर चोरून वाचल्याचं कबूल करावं लागलं असतं. कागद सरांकडे दिले.

आठवड्याने मुंशीजी अर्ज घेऊन आले. मी पेन उघडलं आणि मोठ्या थाटात, कागदाकडे न बघता, सही ठोकली.

‘मॅडमजी, वाचून तर घ्या.’

‘वाचायचं काय त्यात? रजा तुमच्या हक्काची आहे.’

‘मुलीचा साखरपुडा आहे.’ ते किंचित अडखळले. ‘महूवाल्यांनी होकार कळवला. पण तारीख... तुमच्या पेपरची आहे.’

मी कागद ओढून वाचला. तोच रविवार, त्या दोनदा सुटलेल्या विषयाचा. सहीची शाई अजून ओली होती. क्षणभर हात खोडायला निघालाही, आणि तो त्यांना दिसला.

‘अभिनंदन, मुंशीजी,’ मी म्हटलं. ‘ठाण्यात मी आहे.’

त्यांनी अर्ज हलकेच माझ्या हाताखालून सोडवून घेतला. मग जागेवर जाऊन बसले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणि रजा मंजूर झाल्याची वेळ रोजनामच्यात टाकली.